अस्फटिकी घनपदार्थाचा दृढता गुणांक कसा काढावा: सममिती कुठे तुटते आणि हिशेब कुठे चुकतो

काचेसारख्या अस्फटिकी पदार्थाचे संगणकीय प्रारूप तयार करून त्याचा दृढता गुणांक (आकार तिरपा करणाऱ्या कर्तनाला पदार्थ किती प्रतिकार करतो याचे माप) काढणे हे काम वरवर पाहता सरळ वाटते: प्रारूपाला थोडी कर्तन विकृती द्यायची, ऊर्जेचा द्वितीय अवकलज काढायचा आणि आकारमानाने भागायचे. प्रत्यक्षात या मार्गाने आलेले उत्तर बहुतेक वेळा खऱ्या उत्तरापेक्षा मोठे असते, आणि मऊ पदार्थांत ते कित्येक पटींनी मोठे असू शकते. याचे कारण असे की स्फटिकासाठी बरोबर असलेली कृती अस्फटिकी पदार्थाला जशीच्या तशी लावली जाते आणि कणाच्या जागी कोणती सममिती उरली आहे हे तपासलेच जात नाही. पुढील टप्पे परस्परांत बलाने बांधलेल्या, घर्षणरहित कणांच्या प्रारूपासाठी आहेत. पहिले सात टप्पे शून्य तापमानाचे असून शेवटचा सांत, म्हणजे शून्याहून जास्त, तापमानाचा आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नये. विशेषतः सरासरी कधी घ्यायची, याच प्रश्नावर बहुतेकांचा हिशेब घसरतो.

## १. नमुना तयार करणे

प्रथम आंतरकण पोटेन्शियल, म्हणजे दोन कणांमधील अंतरानुसार त्यांची ऊर्जा देणारे फलन, तपासावे. पुढच्या प्रत्येक टप्प्यात त्याचा द्वितीय अवकलज लागतो, म्हणून ते पोटेन्शियल ज्या अंतरावर तोडले आहे (त्यापलीकडे शून्य धरले आहे) तिथे मूल्य, प्रथम अवकलज आणि द्वितीय अवकलज असे तिन्ही सलग असायला हवेत. लेनर्ड-जोन्स हे प्रचलित पोटेन्शियल अडीच कणव्यासांवर तोडून फक्त वर उचलून घेतले, तर त्या अंतरावर बलात उडी राहते. त्या उडीचा वाटा द्वितीय अवकलजात एका अणकुचीदार शिखरासारखा यायला हवा, पण साधा प्रोग्रॅम तो पाहतच नाही आणि गुणांक चुकतो. शक्य असेल तिथे तोडण्याच्या जागी गुळगुळीत जोड द्यावी.

त्यानंतर आवर्ती सीमा असलेल्या (एका बाजूने बाहेर गेलेला कण समोरच्या बाजूने आत येतो अशा) पेटीत कणांची ऊर्जा न्यूनतम करावी. संयुग्मी प्रवणता पद्धत किंवा फायर पद्धत यांपैकी कोणतीही चालते. ऊर्जा स्थिरावली म्हणजे काम झाले, असे मात्र समजू नये. न्यूनतम बिंदूजवळ ऊर्जा विस्थापनाच्या वर्गानुसार बदलते आणि बल विस्थापनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे ऊर्जेचे दहा अंक जुळले तरी बलाचे पाचच अंक जुळलेले असू शकतात.

पडताळा. कोणत्याही कणावरील उर्वरित बलाला एका बंधातील (परस्परांवर बल लावणाऱ्या कणजोडीतील) सरासरी बलाने भागावे. हे गुणोत्तर दहाच्या उणे दहाव्या घाताच्या आसपास येईपर्यंत न्यूनीकरण थांबवू नये. दुहेरी अचूकतेशिवाय हे साधत नाही.

इशारा. मऊ गोलांचा (स्पर्श झाल्यावरच एकमेकांना ढकलणाऱ्या, थोडे दबू शकणाऱ्या कणांचा) नमुना केवळ दाबून तयार केला असेल, म्हणजे पेटीचा आकार घन ठेवून तिची बाजूच तेवढी कमी केली असेल, तर तो दाबाखाली स्थिर असूनही एखाद्या दिशेच्या कर्तनाला अस्थिर असू शकतो. लहान नमुन्यांत आणि कमी दाबावर हे विशेष दिसते. अशा नमुन्याचा गुणांक ऋण आला तर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसण्याआधी पेटीच्या कर्तनाचे चलही न्यूनीकरणात मोकळे सोडून नमुना पुन्हा तयार करावा.

## २. बंधांची आणि शून्य रूपांची मोजदाद

मऊ गोलांच्या नमुन्यात काही कण पिंजऱ्यात नुसते खुळखुळत असतात आणि त्यांच्यावर कोणतेही बल नसते. त्रिमितीत चारपेक्षा कमी आणि द्विमितीत तीनपेक्षा कमी स्पर्श असलेला कण काढून टाकावा. मग यादी पुन्हा तपासावी, कारण एक कण काढल्यावर त्याचा शेजारीही मोकळा पडू शकतो. यादी स्थिर होईपर्यंत हे करावे आणि यापुढे कणसंख्या म्हणजे उरलेल्या कणांची संख्या असे धरावे. आकारमान मात्र पूर्ण पेटीचेच राहते.

आता मॅक्सवेलची मोजणी, म्हणजे नमुना दृढ राहायला किमान किती स्पर्श लागतात याचा हिशेब, करावी. घर्षणरहित गोलांना सरासरी किमान स्पर्शसंख्या मितीच्या दुप्पट लागते, म्हणजे त्रिमितीत ६ आणि द्विमितीत ४. आवर्ती पेटीतल्या सांत नमुन्यासाठी नेमका हिशेब असा आहे: कणसंख्येतून एक वजा करून मितीने गुणावे आणि त्यात एक मिळवावा. दाबाला प्रतिकार करणाऱ्या नमुन्यात एकूण स्पर्श यापेक्षा कमी असू शकत नाहीत. कमी आले तर न्यूनीकरण अपुरे आहे किंवा खुळखुळणारे कण अजून शिल्लक आहेत.

ऊर्जेच्या द्वितीय अवकलजांच्या आव्यूहाची (टप्पा ५) शून्य आयगेनमूल्ये किती, म्हणजे ज्यांना ऊर्जा लागत नाही अशा सामूहिक हालचाली (शून्य रूपे) किती, हेही आत्ताच ठरवून ठेवावे. संपूर्ण नमुना एकसंध सरकवला तर ऊर्जा बदलत नाही, म्हणून आवर्ती पेटीत शून्य रूपे मितीइतकीच, म्हणजे त्रिमितीत तीन असतात. अनेक जण सवयीने सहा धरतात. ती संख्या मोकळ्या रेणूची आहे. आवर्ती पेटी फिरवता येत नाही, त्यामुळे परिभ्रमणाची तीन शून्य रूपे इथे नसतात, आणि सर्वांत लहान सहा आयगेनमूल्ये डोळे झाकून वगळणारा प्रोग्रॅम तीन खरी, मऊ आणि म्हणूनच महत्त्वाची रूपे फेकून देतो.

## ३. अफाइन पद

नमुन्याला साधे कर्तन द्यावे: प्रत्येक कणाचा क्ष-निर्देशक त्याच्या य-निर्देशकाच्या प्रमाणात सरकतो आणि बाकी निर्देशक तसेच राहतात. प्रत्येक कण हीच आज्ञा तंतोतंत पाळतो असे मानले, तर त्या हालचालीला अफाइन म्हणतात. एका बंधाचे घटक क्ष आणि य, लांबी र, पोटेन्शियलचा प्रथम अवकलज त आणि द्वितीय अवकलज क असे लिहिले, तर त्या बंधाचा वाटा असा येतो:

क × (क्ष·य/र)² + त × (य²/र − क्ष²·य²/र³)

सर्व बंधांवर ही बेरीज करून आकारमानाने भागले की अफाइन गुणांक मिळतो. दुसरे पद बहुतेक जण विसरतात. बंधांत आधीच ताण नसेल तर ते शून्य असते, पण दाबाखालच्या नमुन्यात त ऋण असतो आणि हे पद गुणांक कमी करते. स्पर्श नुकतेच जुळू लागतात त्या बिंदूजवळ ते आकाराने लहान असते हे खरे, पण तिथे अंतिम गुणांकही लहान असतो. त्यामुळे ‘लहान आहे म्हणून सोडले’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

इशारा. काही प्रोग्रॅम साध्या कर्तनाऐवजी ग्रीन-लाग्रांज विकृतीनुसार (विकृतीची वर्गपदेही धरणाऱ्या मापानुसार) अवकलज देतात. समदिक् दाबाखाली त्या गुणांकातून दाब वजा केल्यावरच प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरील अंतर्गत बल) आणि विकृती यांना जोडणारा खरा दृढता गुणांक मिळतो. वरच्या सूत्रात ही वजाबाकी आधीच झालेली आहे. ती दुसऱ्यांदा करू नये.

पडताळा. बंधांत ताण नसेल आणि बंधांच्या दिशा सर्वत्र समान विखुरलेल्या असतील, तर अफाइन दृढता गुणांक आणि अफाइन आकारमान गुणांक यांचे गुणोत्तर त्रिमितीत ३/५ आणि द्विमितीत १/२ यायलाच हवे. हे केवळ भूमितीतून येते, पोटेन्शियल कोणतेही असो. दुसरा पडताळा याहून कडक आहे. फलककेंद्रित घन जालकात (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर कण असलेल्या रचनेत) फक्त जवळच्या शेजाऱ्यांना कडकपणा क असलेल्या, ताण नसलेल्या स्प्रिंगांनी जोडावे आणि घनाच्या कडांना समांतर कर्तन द्यावे. उत्तर क भागिले घनाची बाजू एवढेच यायला हवे. नवा प्रोग्रॅम अस्फटिकी नमुन्यावर लावण्याआधी या जालकावर चालवण्यात जेमतेम एक तास जातो आणि पुढचे आठवडे वाचतात.

## ४. नॉन-अफाइन बल: सममिती तुटते ती इथे

सगळ्या चुकांचे मूळ या टप्प्यात आहे, म्हणून इथे सावकाश जावे.

अफाइन हालचालीनंतर एका कणाकडे पाहू. त्याचा प्रत्येक शेजारी थोडा सरकला आहे आणि त्यामुळे प्रत्येक बंधाने त्या कणावर थोडे नवे बल टाकले आहे. ताण नसलेल्या बंधाने टाकलेले नवे बल बंधाच्या दिशेत असते आणि त्याचे परिमाण क × क्ष·य/र इतके असते. बंधाची दिशा नेमकी उलटी केली, तर क्ष आणि य या दोघांचे चिन्ह बदलल्याने गुणाकार तसाच राहतो, पण दिशा उलटते. म्हणून ज्या कणाच्या प्रत्येक शेजाऱ्यासमोर, बरोबर विरुद्ध बाजूला, तसाच दुसरा शेजारी आहे, त्या कणावर सर्व नवी बले जोडीजोडीने रद्द होतात. फलककेंद्रित घन जालकात असेच घडते, म्हणून तिथे अफाइन उत्तर शून्य तापमानाला तंतोतंत बरोबर असते.

अस्फटिकी पदार्थात ही स्थानिक केंद्रसममिती जवळजवळ कोणत्याच कणाजवळ नसते. नवी बले रद्द होत नाहीत (उरणारे हे बल म्हणजे नॉन-अफाइन बल), कण समतोलात राहत नाहीत आणि समतोल पुन्हा गाठण्यासाठी त्यांना अफाइन आज्ञेव्यतिरिक्त आणखी हलावे लागते. या अतिरिक्त हालचालीत ऊर्जा नेहमी घटते, त्यामुळे खरा गुणांक अफाइन गुणांकाहून कमी असतो.

इथे दोन गैरसमज नेहमी आढळतात. पहिला असा की हा फरक ‘स्फटिक विरुद्ध काच’ असा आहे. तो तसा नाही. हिऱ्याचा स्फटिक अत्यंत सुव्यवस्थित असतो आणि दोन अणूंमधल्या बंधाच्या मध्यावर त्याला केंद्रसममितीही असते. पण प्रत्येक अणूचे चार बंध चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे जातात आणि कोणत्याही बंधासमोर जोडीदार नसतो. म्हणून हिऱ्यालाही अंतर्गत विस्थापनाची दुरुस्ती लागते. तपासायची सममिती कणाच्या जागची आहे. दुसरा गैरसमज असा की नमुना पुरेसा मोठा घेतला तर सरासरीने ही बले नाहीशी होतील. बलांची बेरीज प्रत्येक नमुन्यात शून्यच असते, पण गुणांकात बलांचा वर्ग येतो आणि वर्गाची बेरीज कणसंख्येच्या प्रमाणात वाढते. आकारमानाने भागल्यावर ती टिकून राहते.

बंधांत ताण असेल तर प्रत्येक बंधासाठी वरच्या बलात क च्या जागी क − त/र घ्यावे आणि शिवाय त·य/र इतके बल क्ष-दिशेत मिळवावे. दिशा मोजताना बंध कणाकडून शेजाऱ्याकडे जातो असे धरावे.

पडताळा. सर्व कणांवरील नॉन-अफाइन बलांची सदिश बेरीज शून्य यावी. जालकाच्या नमुन्यात ते बल प्रत्येक कणावर स्वतंत्रपणे शून्य यावे. नंतर त्याच जालकातील काही स्प्रिंगा यादृच्छिकपणे काढून टाकाव्यात: बल लगेच उगवताना दिसले पाहिजे.

## ५. विस्थापन सोडवणे

ऊर्जेच्या द्वितीय अवकलजांचे आव्यूह, म्हणजे हेसियन, तयार करावे. दोन वेगळ्या कणांमधील घटक दोन भागांचा असतो: बंधाच्या दिशेत क आणि बंधाला लंब दिशांत त/र, दोन्ही ऋण चिन्हाने. एकाच कणाचा घटक वेगळा मोजू नये. त्या ओळीतील बाकी घटकांची बेरीज ऋण करून तिथे ठेवावी, म्हणजे सरकण्याची सममिती आपोआप पाळली जाते.

त्यानंतर ‘हेसियन गुणिले विस्थापन बरोबर नॉन-अफाइन बल’ हे समीकरण सोडवावे. मिळालेल्या विस्थापनाचा नॉन-अफाइन बलाशी अदिश गुणाकार घेऊन आकारमानाने भागावे आणि ती संख्या अफाइन गुणांकातून वजा करावी.

हेसियनचा व्यस्त काढण्याचा मोह टाळावा. त्रिमितीतील १०,००० कणांसाठी हे आव्यूह ३०,००० × ३०,००० चे असते आणि ते पूर्ण साठवायला सुमारे ७.२ गिगाबाइट स्मृती लागते. विरळ रूपात तेच काही दशक मेगाबाइटांत मावते. शिवाय शून्य रूपांमुळे व्यस्त अस्तित्वातच नसतो. विरळ आव्यूहावर संयुग्मी प्रवणता पद्धत वापरावी आणि प्रत्येक फेरीत विस्थापनातून एकसंध सरकणे वजा करत राहावे.

इशारा. शून्य रूपांपासून सुटका म्हणून कर्णावर एक छोटी संख्या मिळवण्याची युक्ती सर्रास केली जाते. ती करू नये. दुरुस्तीत प्रत्येक रूपाचा वाटा त्याच्या आयगेनमूल्याने भागलेला असतो, म्हणजे सर्वांत मऊ रूपांचे वजन सर्वांत जास्त. मिळवलेली संख्या नेमके तेच दाबून टाकते आणि गुणांक फसवा मोठा येतो.

पडताळा. वजा होणारी संख्या धनच असली पाहिजे. ती ऋण आली, तर नमुना न्यूनतम बिंदूवर नसून खोगिरासारख्या बिंदूवर आहे. ती अवाढव्य आली, तर नमुना प्लास्टिक अस्थिरतेच्या (कण कायमचे नव्या जागी घसरण्याच्या) कडेवर आहे. तिथे एक आयगेनमूल्य उरलेल्या विकृतीच्या वर्गमूळानुसार शून्याकडे जाते आणि गुणांक ऋण अनंताकडे कोसळतो. असा नमुना चुकीचा नसतो, फक्त त्याची नोंद वेगळी ठेवावी.

## ६. स्वतंत्र मार्गाने पडताळा

सूत्रांवर विसंबून पुढे जाऊ नये. तोच नमुना घ्यावा, पेटी दोन्ही दिशांना दहाच्या उणे सहाव्या ते आठव्या घाताएवढी तिरपी करावी, दोन्ही वेळा ऊर्जा नव्याने न्यूनतम करावी आणि प्रतिबलातील फरकाला विकृतीतील फरकाने भागावे. हे उत्तर टप्पा ५ शी निदान चार अंकांपर्यंत जुळावे. विकृती दहापट कमी-जास्त करून उत्तर स्थिर राहते का हेही पाहावे: फार लहान विकृतीत उर्वरित बलाचा गोंगाट वरचढ होतो आणि फार मोठ्या विकृतीत एखादा स्पर्श तुटतो किंवा जुळतो. ही वरची मर्यादा नमुना मोठा होत जाईल तशी आणि दाब कमी होत जाईल तशी आकुंचन पावते, म्हणून एका नमुन्यासाठी ठरवलेली विकृती दुसऱ्याला डोळे मिटून लावू नये.

दुसरा मार्ग ध्वनितरंगांचा. सरकण्याची सलग सममिती पदार्थाच्या घनीभवनात तुटलेली असते आणि तिची खूण म्हणून दीर्घ तरंगलांबीचे आडवे तरंग उरतात. त्यांच्या वेगाचा वर्ग गुणिले घनता म्हणजे दृढता गुणांक. घनाकार पेटीत सर्वांत लांब आडव्या तरंगांची १२ रूपे अपेक्षित असतात. हेसियनच्या शून्येतर आयगेनमूल्यांपैकी तळाची तपासली, तर अपेक्षित वारंवारतेभोवती या बारांचा पुंजका दिसायला हवा. अव्यवस्थेमुळे तो थोडा पसरतो आणि त्यात एखादे स्थानिक मऊ रूप घुसखोरी करू शकते, पण पुंजकाच मुळी भलत्या जागी असेल तर गुणांक चुकला आहे.

## ७. दिशा आणि नमुने

सांत अस्फटिकी नमुना समदिक् नसतो. क्ष-य कर्तनाचा गुणांक आणि क्ष-झ कर्तनाचा गुणांक वेगळे येतात. त्रिमितीत सामान्यतः २१ आणि द्विमितीत ६ स्वतंत्र स्थिरांक असतात. प्रत्येक नमुन्यात निरनिराळ्या दिशांचे गुणांक टप्पा ५ पर्यंत पूर्ण काढावेत, मग त्या नमुन्याच्या दिशांवर सरासरी घ्यावी आणि सर्वांत शेवटी नमुन्यांवर.

हा क्रम उलटवण्याचा मोह का होतो ते समजण्यासारखे आहे. अनेक नमुन्यांवर सरासरी घेतली की घनता सर्वत्र सारखी आणि प्रत्येक दिशा समान दिसते, आणि हिशेब सोपा होतो. पण ती सममिती सरासरीची आहे. एका नमुन्यात गोठलेला कण तिच्याबद्दल काहीही जाणत नाही. हेसियनची सरासरी आधी काढून मग समीकरण सोडवले, तर नॉन-अफाइन बल नाहीसे होते आणि आपण फिरून अफाइन उत्तरावर येऊन बसतो.

स्पर्श नुकतेच जुळू लागण्याच्या बिंदूजवळ, म्हणजे दोन आकारांच्या मिश्रणाची भरणघनता (कणांनी व्यापलेला जागेचा अंश) त्रिमितीत सुमारे ०.६४ आणि द्विमितीत सुमारे ०.८४ असताना, सरासरीचा कल तपासायला चांगली कसोटी उपलब्ध आहे. स्प्रिंगसारख्या प्रतिकर्षी कणांत आकारमान गुणांक जवळजवळ स्थिर राहतो, तर दृढता गुणांक जादा भरणघनतेच्या वर्गमूळानुसार, म्हणजेच जादा स्पर्शसंख्येच्या प्रमाणात घटतो. दोन्ही गुणांक एकाच दराने घटताना दिसले, तर कुठेतरी दुरुस्ती निसटली आहे.

## ८. तापमान शून्य नसेल तर

सांत तापमानाला हेसियन बाजूला ठेवून चढउतारांचे सूत्र वापरतात: टप्पा ३ मधील अफाइन गुणांकाची कालिक सरासरी, वजा कर्तन प्रतिबलाचे विचरण (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) गुणिले आकारमान भागिले औष्णिक ऊर्जा, म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान. प्रतिबलात गतिज भाग धरला असेल, तर अफाइन बाजूला कणघनता गुणिले औष्णिक ऊर्जा एवढे पद मिळवावे. धरला नसेल तर दोन्हीकडे सोडून द्यावे. एकीकडे घेऊन दुसरीकडे वगळले की आदर्श वायूलाही दृढता असल्याचे निष्पन्न होते.

खरी अडचण विचरणाची आहे. काचेच्या प्रत्येक नमुन्यात थोडे कर्तन प्रतिबल गोठून राहिलेले असते आणि ते नमुन्यागणिक वेगळे असते. सर्व नमुन्यांची मोजमापे एकत्र ओतून एकच विचरण काढले, तर त्यात नमुन्यांमधला हा फरकही मिसळतो. नमुने द्रवाच्या समतोलातून निवडलेले असतील आणि त्याच तापमानाला मोजले असतील, तर उत्तर थेट शून्य येते, कारण अशा ओतलेल्या सरासरीने तुटलेली सममिती पुन्हा सांधली जाते आणि आपण नकळत द्रवाचा गुणांक मोजतो. म्हणून विचरण प्रत्येक नमुन्यात त्याच नमुन्याच्या सरासरीभोवती काढावे आणि मगच विचरणांची सरासरी घ्यावी.

मोजण्याचा कालावधीही जपून निवडावा. ८०:२० प्रमाणातील, १.२ घनतेच्या कॉब-अँडरसन मिश्रणाचे (दोन प्रकारच्या लेनर्ड-जोन्स कणांच्या प्रारूप काचेचे) उदाहरण घेतले, तर लघुरूप एककांत (पोटेन्शियलच्याच ऊर्जेच्या आणि लांबीच्या मापांत) ०.४३५ या तापमानाच्या बऱ्याच खाली गुणांकाचे मूल्य कालावधी वाढवला तरी दीर्घकाळ सपाट राहते; त्या तापमानाच्या जवळ आणि वर मात्र ते सावकाश शून्याकडे घसरते. गुणांक कालावधीच्या लघुगणकासमोर मांडावा आणि सपाट भागातलेच मूल्य घ्यावे. सपाट भाग सापडत नसेल, तर एक संख्या देण्याऐवजी तो वक्रच द्यावा.

पडताळा. तापमान उतरवत नेले की चढउतारांचे पद टप्पा ५ मधील वजा होणाऱ्या संख्येकडे जायला हवे. ते तिच्या खाली राहत असेल तर कालावधी अपुरा आहे. ते वर उसळत असेल तर नमुने एकत्र ओतले गेले आहेत किंवा एखादा नमुना मध्येच दुसऱ्या न्यूनतम बिंदूकडे घसरला आहे; त्या नमुन्याचा प्रतिबल-काल आलेख काढला की उडी उघड्या डोळ्यांना दिसते.